फुफाटा, चाकोरी, मुरूम: भुसावळ ते तोरणमाळ सायकलवर

खान्देशात डांबर सोडून सायकल हाणायची तर वाटांना तोटा नाही. पाणंद आहे, शिवरस्ता आहे, गाडवाट आहे, कालव्याच्या भरावावरची वाट आहे, रुळांच्या बाजूनं अंतर राखून जाणारी वाट आहे. नकाशात या सगळ्या सारख्याच बारीक रेघा दिसतात. चाकाखाली मात्र दर पंधरा-वीस किलोमीटरला जमीन बदलते. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, खाली केळीपट्ट्यात काळी माती, तापीकाठी पिठासारखा फुफाटा आणि धुळ्याकडे सरकलं की कडक मुरूम. मी जळगावचाच, पण ही जमीन इतक्या जवळून सायकलवरच कळली.

दिवस डिसेंबरचे निवडले. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा हा उद्योग करायचा नसतो. पावसाळ्यात काळी माती चाकच फिरू देत नाही. मागे गाडी नाही, पुढे बुकिंग नाही, सगळं सामान सायकलवर. 45 मिमीचे ट्यूबलेस टायर, आत भोक बुजवणारं सीलंट, एक जादा ट्यूब, पंप, चेनची जोडकडी, झोपायची पिशवी, एक स्वेटर आणि प्रत्येकी तीन लिटर पाणी. जोडीला नाशिकचा मित्र. त्याला इथून पुढे नाशिककरच म्हणतो, कारण गावोगावी त्याची ओळख तीच झाली.

भुसावळ ते किनगाव

भुसावळ स्टेशनाबाहेर चाकं बसवली, हवा भरली आणि तापीचा पूल ओलांडून फैजपूरच्या अंगाला निघालो. वाटेत बामणोद. भरिताच्या वांग्यांसाठी हे गाव ओळखलं जातं. फिकट हिरवी, हाताच्या पंज्यात न मावणारी, बी कमी असलेली वांगी. 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी या भरिताच्या वांग्यालाही मिळालं. सकाळी आठ वाजता कच्ची वांगी बघून काय करणार, म्हणून पुढे निघालो.

फैजपूरला चहा. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अशाच थंडीत देशभरातली माणसं या वावरांमधून आली असतील, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना आमच्याइतकेही बरे टायर मिळाले नसतील.

यावलच्या अलीकडे डांबर सोडलं आणि केळीत शिरलो. दोन्ही बाजूंना बाग, मध्ये ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल गेलेली पाणंद. इथे केळी नुसती केळी नसते. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग, प्रत्येकीचा हंगाम वेगळा नि भाव वेगळा. एका बागेत कापणी चालू होती. माणसं डोक्यावर चुंबळ ठेवून घड वाहत होती, दुसरी त्यांच्या फण्या सोडवून धूत होती. आम्हाला वाट द्यायला ट्रॅक्टर थांबेना, आणि ते बरोबरच होतं. वाट त्यांची आहे, माल नाशवंत आहे. आम्हीच सायकली उचलून बांधावर चढलो. इथून पुढे हाच नियम पाळला: डोक्यावर किंवा बैलांच्या खांद्यावर ओझं असेल, त्याला आधी वाट.

केळीतून सायकल नेताना त्रास चिखलाचा कमी आणि वाळलेल्या पानांचा जास्त. मागच्या चाकातून एकदम खरखर आली आणि पायडल जड झालं. सायकल उलटी केली. वाळक्या पानाची दोरी गिअरच्या दात्यांमध्ये अशी घट्ट गुंडाळली गेली होती की बोटांनी निघेना. चाकूनं एकेक वेढा कापून काढला. हाताला लागलेला चीक दुसऱ्या दिवशीपर्यंत काळा राहिला, आणि नाशिककरच्या पिवळ्या टीशर्टवर पडलेला डाग तर आता कायमचा. केळीचा डाग धुतला जात नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

दुपारी सातपुड्याच्या पायथ्याला लागलो. डोंगरातून उतरणारे नाले डिसेंबरात कोरडे असतात. पात्रात नुसते गोल गोटे. डोंगर संपून सपाटी सुरू होते तिथे हजारो वर्षं गोटे-वाळूचा थर साचत आला आहे, आणि पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली मुरतं. वर नाला कोरडा आणि खाली विहिरींना आधार, अशी ही रचना. केळीनं तो आधार इतका उपसला आहे की यावल-रावेरकडे बोअर किती खोल गेली हा चहाच्या टपरीवरचा रोजचा विषय आहे. सायकलस्वाराला मात्र गोट्यांतून एकच जमतं: उतरायचं आणि ढकलायचं. आडगावहून मनुदेवीकडे जाणाऱ्या वाटेवर असे नाले लागले तेव्हा नाशिककरनं पहिल्यांदा विचारलं, "डांबर किती लांब आहे रे?"

किनगावच्या पुढे ओळखीतून ओळख निघाली आणि एका खळ्यात मुक्काम मिळाला. खळ्याचे मालक सत्तरीचे. सायकलींभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "मोटारसायकल नाही का तुमच्याकडे?" आहे म्हटल्यावर त्यांना आमची काळजी जास्तच वाटली.

सकाळी सोडून दिलेलं भरीत रात्री ताटात आलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी काळी होईपर्यंत भाजली, साल काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरची-लसणाबरोबर ठेचली, वर तेलात परतलेली कांद्याची पात आणि शेंगदाणे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा वास येत नाही, कितीही प्रयत्न करा. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी नि उडीद एकत्र दळलेली. नाशिककर चौथ्या भाकरीला नको म्हणाला तेव्हा आजींनी ती मोडून त्याच्या ताटात टाकली. नको म्हणायची इथे पद्धत नाही.

उनपदेव, चोपडा, अमळनेर

पहाटे थंडी कडक. अडावदवरून उनपदेवला वळलो ते त्यासाठीच. सातपुड्याच्या कुशीत गरम पाण्याचा झरा आहे, गोमुखातून कुंडात पडतो. आदल्या दिवशी गोट्यांनी खिळखिळी केलेली पाठ त्या धारेखाली धरली आणि निघायचं दोघांच्याही जिवावर आलं. पण उन्हं चढायच्या आत चोपडा गाठायचा होता.

चोपड्याच्या दक्षिणेला काळी माती सुरू होते आणि सायकलीचं सगळं तंत्र बदलतं. कोरडी असेल तर बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी सिमेंटसारखी टणक होते. तिच्यात चाक शिरलं की हँडल वळवायचं नाही. चाकोरी नेईल तिकडे मुकाट जायचं. ओली असेल तर मात्र खेळ संपला. एका ठिकाणी गव्हाला पाण्याची पाळी चालू होती, बारं फुटून पाणी पाणंदीवर आलेलं. पन्नासेक फूटच ओलं, पण तेवढ्यात माती टायरला लपेटली, फोर्कमध्ये ठासली आणि चाक जागच्या जागी जाम. मातीसकट सायकल खांद्यावर घेतली तर ती दुप्पट जड. बारं धरणारा गडी फावड्यावर रेलून बघत होता. मग आला, तुरीची एक काडी मोडून दिली आणि म्हणाला, "याच्यानं काढा भाऊ. हातानं नाही निघायची." खरंच काडीनं निघाली. त्यानंतर काडी सायकलवर बांधूनच ठेवली. महागड्या हत्यारांच्या पाकिटापेक्षा तीच जास्त कामाला आली.

दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी. बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या. "कुठून आले दादा?" आणि उत्तर मिळायच्या आत आपापसात हशा. निमगव्हाणजवळ तापी पुन्हा ओलांडली. पुलावर थांबलं की कळतं, नदी किती खाली आहे. काठ मातीचे, उभे कापलेले. नर्मदेसारखीच तीही पूर्वेकडून पश्चिमेला जाते, 724 किलोमीटर.

अमळनेरला संध्याकाळी पोचलो. गाव मोठं, त्यामुळे फार हिंडलो नाही. बोरी नदीच्या पात्रातली सखाराम महाराजांची समाधी बघितली. ज्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी 1924 ते 1930 शिकवलं त्याच्यावरून गेलो. आणि विप्रो ही कंपनी 1945 मध्ये याच गावात वनस्पती तुपाच्या धंद्यातून सुरू झाली, हे नाशिककरला सांगितलं. त्याला आधी खोटंच वाटलं. मग लॉजवाल्यानं तेच सांगितलं, वर गावात कुणाकडे किती शेअर होते याच्या तीन गोष्टी ऐकवल्या. त्या तिन्ही खऱ्या धरल्या तर अमळनेरला गरीब माणूस उरायलाच नको.

अमळनेर ते दोंडाईचा

हा दिवस सगळ्यात चांगला, आणि सगळ्यात जास्त काट्यांचा.

पाडळशाकडे निम्न तापी धरणाचं कित्येक वर्षं रेंगाळलेलं काम बाजूला ठेवून नीमच्या वाटेला लागलो. तापीच्या जवळ जमीन फाटत जाते. गाळाची पिवळसर माती पावसानं कापून खोल घळी झाल्या आहेत आणि वाट त्यांच्या कडेकडेनं वळसे घेते. तळाला फुफाटा. दिसायला सपाट, पण चाक गेलं की चार बोटं आत. हवा थोडी कमी केली, जड गिअर टाकला आणि अंग सैल सोडून रेटत राहिलो. फुफाट्यात ब्रेक मारला की आडवं झालंच म्हणून समजा. नाशिककर दोनदा झाला. लागलं काही नाही, उठला तेव्हा फक्त पापण्या ओळखू येत होत्या.

घळींमध्ये वेडी बाभूळ माजली आहे. शिवाय वावरात ढोरं शिरू नयेत म्हणून शेतकरी काट्यांचे फेसाटे वाटेच्या तोंडाशी ओढून ठेवतात. फेसाटी बाजूला करायची, पलीकडे जायचं, परत जागेवर लावायची. असं करताना एक काटा माझ्या पुढच्या टायरमध्ये बसला. दोन इंची, पांढरा, आरपार. काढायला हात घातला तेवढ्यात शेळ्या वळणारे एक बाबा ओरडले, "काढू नका भाऊ! काढा का हवा गयी!" त्यांनी ट्यूबलेस टायर जन्मात पाहिला नसेल, पण सल्ला अचूक होता. बाहेरचं टोक कापलं, काटा आत तसाच ठेवला. कडेनं सीलंटचा पांढरा फेस फसफसला, दोनदा बुडबुडा आला आणि बंद झाला. बाबा खाली वाकून बघत बसले. मग स्वतःच्या वहाणेचा तळ वर करून दाखवला: त्यात असे सात-आठ मोडके काटे जिथल्या तिथे.

नीमजवळ तापी आणि पांझरेच्या संगमावर कपिलेश्वराचं मंदिर आहे, पलीकडे मुडावद. संगमाशी सायकल घेऊन पार होण्यासारखं नव्हतं, म्हणून पांझरेच्या कडेनं वर बेटावदकडे सरकलो आणि तिथे नदी ओलांडली. ही पांझरा म्हणजे फड बागायतीची नदी. वर साक्री-धुळ्याकडे तिच्यावर जुने दगडी बंधारे आहेत; बंधाऱ्यातून पाट काढायचा, त्याच्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी फड फिरवायचे. पाणी उताराच्या जोरावर येतं, पंप नाही, डिझेल नाही. पाणी कुणाला कधी हे पाटकरी ठरवतो, आणि तो गावानं नेमलेला. ही पद्धत काही शतकं चालली, काही बंधाऱ्यांवर अजून तग धरून आहे. आदल्या दिवशी मी बारं फुटून वाया जाणारं पाणी बघितलं होतं, म्हणून असेल, बेटावदच्या पुलावर नाशिककरला मी याच्यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यानं तेवढ्यात पावशेर शेव संपवली.

बेटावदपासून सुरत-भुसावळ लोहमार्गाची संगत. नरडाणा, शिंदखेडा, विखरण अशी छोटी छोटी स्टेशनं. इथे जमीन उथळ, मुरमाड. वाट लालसर, घट्ट, कोरडी; टायरखाली एकसारखी चुरचुर. तासाला बावीस-तेवीसचा वेग सहज मिळतो. खान्देशात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची सायकल, आणायची असेल तर नुसत्या या पट्ट्यासाठी आणावी. दक्षिणेला क्षितिजावर काळ्या दगडाच्या लांबच लांब सरळ रांगा दिसतात, कुणीतरी गावाला कोट बांधावा तशा. माणसानं बांधलेलं त्यात काही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा उसळला तेव्हा जमिनीच्या भेगांत तो भरला, गोठला. पुढे भोवतालचा मऊ खडक झिजला आणि कडक भिंती उघड्या पडल्या. धुळे-नंदुरबारमध्ये या भिंती शेकड्यांनी आहेत. त्यांच्या फुटलेल्या दगडाची धार मात्र टायरच्या बाजू कापते, तिथे रेघ धरून चालवावी.

दोंडाईच्याला शेवभाजी. रस्सा लाल नसून काळपट होता, आणि तिखट कमी करून द्या म्हटल्यावर हॉटेलवाल्यानं जास्तीची शेव आणून ठेवली. त्याच्या लेखी तोच उपाय.

सारंगखेडा, प्रकाशा, शहादा

तारीख ठरवताना दत्तजयंती डोक्यात होतीच. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार. तापीच्या पुलाच्या अलीकडूनच रस्ता घोड्यांनी भरला होता. मारवाडी, काठेवाडी, पंजाबातून आलेले उंच पांढरे. कुणाला ट्रकमधून उतरवत होते, कुणाला नदीवर धुवायला नेत होते. सायकलीच्या फ्रीव्हीलच्या टकटकीनं एक शिंगरू बिचकलं, म्हणून आम्ही उतरून चालत राहिलो.

बाजारात घोडा घेणारा माणूस घोड्याकडे बघतच नाही असं वाटतं. आधी ओठ वर करून दात. मग अंगावरचे भोवरे, गळ्याशी देवमण हा शुभ भोवरा आहे का. चारही पाय नि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी, त्याचा भाव वेगळा. सगळ्यात शेवटी चाल. तशीच तपासणी आमच्या सायकलींचीही झाली. फेटेवाल्या एका व्यापाऱ्यानं टायर दाबून बघितला, सीट हलवून बघितलं, पिशव्यांचे पट्टे ओढून बघितले.

"कितलानी शे भाऊ?"

नाशिककरनं खरी किंमत सांगितली. व्यापाऱ्यानं शेजारच्याकडे बघितलं, मग परत सायकलीकडे.

"इतलामा ते शिंगरू ई जाई, भो. आन ते मोठं बी व्हई."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पुढे तापीच्या उत्तर काठानं पपई, ऊस, पुन्हा पपई. ऊसतोडीच्या बैलगाड्या ओळीनं कारखान्याकडे चाललेल्या, त्यामुळे आमचा वेग त्यांचाच. प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. तापीला गोमाई इथे मिळते, काठावर केदारेश्वर आणि इतर देवळं. घाटावर भाविक असतात, पण गावालगतच्या पांढरीच्या टेकाडाकडे कुणी बघत नाही. 1954-55 मध्ये पुरातत्त्व खात्यानं तिथे खोदकाम केलं तेव्हा खालच्या थरांत ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. म्हणजे या संगमावर माणसं तीन हजारांहून जास्त वर्षं घर करून आहेत. शहाद्याचा मुक्काम लॉजमध्ये. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की पाणी गरम होतं.

तोरणमाळ

म्हसावद, राणीपूर, मग डोंगर. रस्ता डांबरी, दुसरी वाट सामानासकट जमण्यासारखी नव्हती. मैदानात पंधरा मिनिटांत मागे पडणारे पाच किलोमीटर इथे तासभर पुरतात. काळापाणीपासून सागाचं रान दाट होत गेलं, आणि वेगळी बोली कानावर यायला लागली. पावरा वस्तीतली पोरं शाळेच्या कपड्यात सायकलीमागे पळत आली, ढकलायला लागली. नाशिककर म्हणाला, राहू द्या रे. मी काही म्हणालो नाही.

सातपायरी घाट नावाप्रमाणे वागतो. एक वळण संपलं की मान वर करून पुढचं दिसतं. सगळ्यात हलका गिअर, छातीचा भाता, आणि पिशव्यांतली प्रत्येक अनावश्यक वस्तू नावानिशी आठवत होती. वर पोचलो तेव्हा 1100 मीटरहून जास्त उंचीवर होतो. यशवंत तलावाच्या काठी मक्याची भाकरी नि लसणाची चटणी मिळाली. रात्री इतकी थंडी, की स्वेटरावर पावसाळी जाकीट, त्यावर झोपायची पिशवी आणि तरी नाशिककरचे दात वाजत होते.

उतार आणि नंदुरबार

परतीला घाट उतरताना ब्रेक तापले, दोनदा थांबून निवू दिले. तिथून शहादा, प्रकाशा, नंदुरबार, सगळं डांबर, वारा पाठीशी. दुपारी नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. नजर जाईल तिथवर लाल. मिरची वाळत घातलेली, बायका तोंडाला फडकं बांधून ती पालटत होत्या. फोटोसाठी नाशिककर वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला आणि पुढची दहा मिनिटं शिंकत बसला. एक मावशी हसून म्हणाल्या, "आम्हाला तर रोजचंच आहे." तरी जाताना त्यानं पाच किलो मिरची घेतली. पिशव्यांत जागा नव्हती, म्हणून ती झोपायच्या पिशवीत भरून हँडलला बांधली.

संध्याकाळची गाडी मिळाली. चाकं काढून सायकली कापडात गुंडाळल्या, दरवाज्याशेजारी उभ्या केल्या. मिरचीची पिशवी वरच्या फळीवर. दोंडाईचा येईपर्यंत डब्यात तिघं शिंकले, शिंदखेड्याला सात. अमळनेरला चढलेल्या आजोबांनी बसण्याआधी नाक वर केलं, फळीकडे बघितलं आणि थेट नाशिककरला विचारलं, "काय भावानं घेतली?" त्यानं भाव सांगितला. आजोबांनी मान हलवली. "जास्त दिले."

धरणगावपर्यंत त्यावरच चर्चा चालू होती.